तिसरा थर पांढुरका का पडतो? सैनिकांसाठी रंगांचे त्रिकूट बदलण्यापूर्वी करावयाची तपासणी

२८ मिलिमीटर उंचीच्या ऐतिहासिक सैनिकांच्या छोट्या प्रतिकृतींना सावली, मध्य आणि उजळ अशा तीन छटांनी रंगवणाऱ्या बहुतेकांना ही अडचण कधी ना कधी येते. पहिले दोन थर व्यवस्थित बसतात, ओला असेपर्यंत तिसराही छान दिसतो, आणि तो वाळला की सैनिकाच्या खांद्यांवर, बाह्यांवर आणि पगडीच्या घड्यांवर चुन्याचा हात फिरवल्यासारखी पांढुरकी झाक उमटते. आणखी एक पातळ थर दिला तर ती कमी होण्याऐवजी वाढते. मग आपण रंगांच्या सेटला दोष देतो, दुसऱ्या कंपनीचा सेट मागवतो, काही महिने काम चांगले होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच झाक नव्या रंगांवरही येते.

माझ्या बाबतीत हे नेमके असेच घडले. मी जालन्यात राहतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा जिथे भिडल्या ते असई आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि केळना व जुई या नद्यांच्या मधली ती जमीन पाहिल्यापासून ती लढाई लघुरूपात उभी करण्याचे काम मी हाती घेतले आहे. इंग्रजांच्या ७४व्या हायलँडर पलटणीचे २४ शिपाई एप्रिल-मे महिन्यांत रंगवले, तेव्हा सगळ्यांचे लाल कोट विटकरीच्या भुकटीत लोळवल्यासारखे झाले. दुसरा सेट आणला. पावसाळ्यात त्याने मद्रासच्या देशी पायदळाची तुकडी अगदी मनासारखी रंगवून झाली, म्हणून पहिला सेटच वाईट होता असे मी ठरवून टाकले. पुढच्या मे महिन्यात त्याच दुसऱ्या सेटने तेच रूप दाखवले, तेव्हा कुठे लक्षात आले की ऋतूप्रमाणे येणारा आणि जाणारा दोष बाटलीत नसून बाटलीबाहेर असला पाहिजे.

पांढुरकेपणा वरवर एकच दिसत असला तरी त्याची कारणे वेगवेगळी असतात, आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. म्हणून नवा सेट निवडण्याआधी आपल्याकडे कोणता पांढुरकेपणा आहे हे ओळखणे आवश्यक आहे. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. बिघडलेला, पूर्ण वाळलेला सैनिक घ्यावा आणि स्वच्छ ब्रशने डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब पांढुरक्या भागावर ठेवावा. थेंब असेपर्यंत झाक नाहीशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर दोष पृष्ठभागावरचा आहे: क्षार, मॅट करणारी (चकाकी घालवणारी) पूड किंवा वार्निश. ओले असतानाही रंग गुलाबट किंवा दुधाळच दिसला, तर दोष त्या छटेच्या मुळातच आहे, म्हणजे तिच्यात पांढरे रंगद्रव्य जास्त आहे. आणि कोरड्या बोटाने हलके चोळल्यावर बोटाला रंगाची पूड लागली, तर रंगातला बांधणारा घटक कमी पडला आहे, म्हणजे रंग पाण्याने गरजेपेक्षा जास्त पातळ केला गेला आहे.

बोअरचे पाणी

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरातली बहुतेक कामे बोअरच्या पाण्यावर चालतात, आणि मराठवाड्यातल्या अनेक घरांची स्थिती हीच आहे. हे पाणी जड असते. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर, स्टीलच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच थर पाण्याने पातळ केलेल्या रंगासोबत सैनिकावरही बसतो. माझ्या बोअरचे पाणी पावसाळ्यात पुनर्भरण झाले की सौम्य होते आणि पातळी खोल गेली की जड होत जाते. माझा पहिला सेट मे महिन्यात वाईट आणि दुसरा ऑगस्टमध्ये चांगला ठरला, त्याचे मुख्य कारण हेच होते.

खात्री करून घेण्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा काळ्या प्रायमरने, म्हणजे रंगाखालच्या अस्तराने, रंगवावा आणि त्यावर बोअरच्या पाण्याचा एक, पिण्याच्या जारच्या पाण्याचा एक आणि डिस्टिल्ड वॉटरचा एक असे तीन थेंब शेजारीशेजारी वाळू द्यावेत. माझ्या कागदावर बोअरच्या थेंबाच्या जागी कडेला दाट आणि मध्ये विरळ असे चांगले ठळक पांढरे कडे उमटले. जारच्या पाण्याची जेमतेम एक रेघ दिसत होती, आणि डिस्टिल्ड वॉटरची जागा शोधावी लागली. सैनिकावर क्षार ओळखण्याची खूणही हीच आहे: जिथे पातळ रंग साचतो, म्हणजे घड्यांच्या तळाशी, पट्ट्याच्या कडेला, काखेत, तिथे झाक कड्यांच्या आकारात दिसते, आणि ती लालइतकीच निळ्या व हिरव्या रंगावरही असते.

पाणी उकळून घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही. उकळल्याने काही चुनखडी खाली बसते, पण बाकीचे क्षार पाण्यातच राहतात आणि पाणी आटल्यामुळे उलट अधिक दाट होतात. वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी भिजल्या स्पंजची पाटी, वापरणाऱ्यांनी तर याकडे जास्त लक्ष द्यावे, कारण स्पंजमधले पाणी उडून जाते, क्षार मात्र तिथेच राहतात, आणि आपण रोज त्याच स्पंजवर आणखी बोअरचे पाणी ओततो. आठवडाभरात त्या स्पंजमध्ये नळाच्या तोटीवर जमावेत तितके क्षार साचतात. रंग पातळ करण्यासाठी आणि पॅलेट भिजवण्यासाठी गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. एक बाटली महिनोन्महिने पुरते. ब्रश धुण्यासाठी कोणतेही पाणी चालेल, फक्त शेवटची बुडवणी स्वच्छ पाण्यात असावी.

उन्हाळ्याची हवा

जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. ॲक्रिलिक रंगातले पाणी उडून गेल्यावर बांधणारे कण एकमेकांना चिकटून अखंड पापुद्रा तयार होतो. ही क्रिया ब्रशच्या टोकावरच सुरू झाली तर सैनिकावर रंगाऐवजी अर्धवट वाळलेले कण पसरतात, आणि ते खरखरीत व फिकट दिसतात. यावर उपाय म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि मग बांधणारा घटकच विरळ होतो. त्याऐवजी वाळणे मंदावणाऱ्या रिटार्डरचा एखादा थेंब आणि पातळ करण्यासाठी पाण्याबरोबर थोडे ॲक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेला, बांधणारा द्रव) घ्यावे. मी उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत थर चढवतो. कूलरमुळे खोलीतला ओलावा वाढतो, ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे, मात्र त्याचा झोत टेबलावर येऊ देऊ नये.

प्रायमरचा स्प्रेही भर दुपारी गच्चीवर मारू नये. फवारा हवेतच वाळून सैनिकावर बारीक रवाळ पृष्ठभाग तयार होतो, आणि नंतर कितीही उत्तम रंग वापरला तरी उजळ थर त्या प्रत्येक कणावर अडकून पिठूळ दिसतो. पावसाळ्यात उलट त्रास होतो: दमट हवेत मारलेले मॅट वार्निश पांढरे पडते. त्याला सेट जबाबदार नसतो.

बाटलीच्या तळाशी बसलेले

मॅट दिसणाऱ्या रंगांत चकाकी घालवणारी बारीक पूड असते आणि ती तळाशी बसते. बाटली नीट न हलवता वरचा रंग वापरला तर तो चकाकतो, आणि बाटली संपत आली की तळातली पूड जास्त येऊन गडद रंगावर एकसारखी धूसर झाक पडते. ही झाक कड्यांच्या आकारात नसते, त्या रंगाच्या संपूर्ण भागावर सारखी पसरलेली असते, यावरून ती क्षारांपासून वेगळी ओळखता येते. प्रत्येक बाटलीत स्टेनलेस स्टीलचा एक छर्रा टाकावा आणि वापरण्यापूर्वी मिनिटभर हलवावे. बाटल्या पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवू नयेत.

आता सेटविषयी

एवढे सगळे दुरुस्त केल्यावरही तिसरा थर पांढुरका दिसत असेल, तर मात्र त्रिकूट निवडण्यात चूक झाली आहे, आणि ती मुख्यतः दोन प्रकारची असते: तिसऱ्या छटेचा कल चुकीचा असतो, किंवा तीन छटांमधले अंतर आपल्या सैनिकांच्या आकाराला मानवणारे नसते.

पहिली चूक लाल रंगात सर्वाधिक दिसते. लाल उजळ करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यात पांढरा मिसळणे, आणि लालमध्ये पांढरा मिसळला की गुलाबी होतो. टायटॅनियम व्हाइट हे अतिशय अपारदर्शक द्रव्य असल्यामुळे थोड्या प्रमाणातही ते बाकीच्या रंगावर मात करते. म्हणून लाल त्रिकुटाची तिसरी छटा गुलाबीकडे न झुकता नारिंगीकडे झुकणारी असावी. असईच्या सैनिकांच्या बाबतीत तर हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. इंग्रज पलटणीतल्या साध्या शिपायाचा कोट मॅडरच्या मुळीने, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या वनस्पतीने, रंगवलेला असे आणि तो विटकरी लाल दिसे. अधिकाऱ्यांचे कापड कोचिनीलच्या किड्यापासून काढलेल्या रंगाचे, भडक शेंदरी लाल असे. शिपायाच्या कोटावर गुलाबट उजळ छटा दिली की कापडाची जातच बदलते. मी आता शिपायांसाठी व्हॅलेहो कंपनीच्या मॉडेल कलर मालिकेतल्या सुट्या बाटल्यांचे त्रिकूट वापरतो: सावलीला ब्लॅक रेड, मध्ये फ्लॅट रेडमध्ये थोडा कॅव्हलरी ब्राऊन, आणि वर त्याच मिश्रणात व्हर्मिलियन. अधिकाऱ्यासाठी कॅव्हलरी ब्राऊन वगळतो आणि शेवटचा थर निव्वळ व्हर्मिलियनचा देतो. एकाच पलटणीत हे दोन लाल शेजारी उभे राहिले की अधिकारी हातभर अंतरावरूनही वेगळा उठून दिसतो, आणि त्यासाठी त्याच्या कोटावर सोनेरी रंग वाढवावा लागत नाही.

निळ्याची गत लालसारखीच आहे, तिथे तिसरी छटा आभाळी न घेता किंचित करडी घ्यावी. पिवळ्याची सावली तपकिरी असावी. काळसर घेतली तर हिरवट दिसते.

पांढऱ्याकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. मराठी स्वारांचे अंगरखे, शिपायांचे आडवे पट्टे, ७४व्या पलटणीच्या कोटावरच्या पांढऱ्या कॉलर आणि कफ, सगळीकडे पांढराच आहे, आणि बहुतेक सेटमध्ये पांढरी बाटली एकच असते. पांढऱ्याचे स्वतंत्र त्रिकूट तयार करावे: खाली उबदार करडा, त्यावर ज्वारीच्या पिठासारखा मळकट पांढरा, आणि शुद्ध पांढरा फक्त घडीच्या धारेवर. शुद्ध पांढऱ्यापासून सुरुवात केली तर उजळ करायला वर काहीच उरत नाही, आणि मग थरांवर थर देऊन कापड चुनकळीसारखे जाड होते.

त्वचेचा प्रश्न वेगळा आहे आणि आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. परदेशी सेटमधले त्वचेचे त्रिकूट बहुधा गोऱ्या कातडीसाठी असते. त्यातली सावलीची छटा मध्य म्हणून वापरून काम भागवण्याचा सल्ला दिला जातो, पण त्याने चेहरा उन्हात भाजलेल्या गोऱ्या माणसासारखा दिसतो, आपल्याकडच्या शिपायासारखा दिसत नाही. सॅडल ब्राऊनला मध्य मानावे, सावलीसाठी त्यात बर्न्ट अंबर मिसळावा आणि उजळ करताना मीडियम फ्लेशटोन थेंबाथेंबाने वाढवावा. इथेही उजळ छटेत पांढरा घालू नये. सावळ्या त्वचेवर पांढुरकी झाक सर्वात लवकर दिसते आणि चेहऱ्याला राख फासल्यासारखे रूप येते.

छटांमधले अंतर

दुसरी चूक ओळखायला पुन्हा ती लग्नपत्रिकाच कामी येते. काळ्या प्रायमरवर त्रिकुटातल्या तीन छटांचे प्रत्येकी सेंटीमीटरभर रुंदीचे पट्टे एकमेकांना चिकटून काढावेत, प्रत्येकी दोन पातळ थर द्यावेत आणि पूर्ण वाळल्यावर मोबाइलने कृष्णधवल फोटो काढावा. रंग काढून टाकला की केवळ उजळपणाचा फरक उरतो. सावली ते मध्य आणि मध्य ते उजळ या दोन पायऱ्या साधारण सारख्या दिसल्या पाहिजेत. पहिली पायरी लहान आणि दुसरी मोठी असेल, तर तिसरा थर कधीच मिसळून दिसणार नाही. तो वरून चिकटवल्यासारखाच दिसेल, आणि लोक त्यालाही पांढुरकेपणाच म्हणतात. फोटो काढताना साधारण ६५०० केल्विनचा पांढरा दिवा असावा, कारण पिवळ्या दिव्याखाली निळ्या आणि जांभळ्या छटांच्या पायऱ्या फसव्या दिसतात.

यानंतर कागद तीन-चार फुटांवर ठेवून पाहावा. सैनिक खेळाच्या टेबलावर उभे राहणार असतील तर एवढ्या अंतरावरूनही तीन छटा वेगळ्या कळल्या पाहिजेत. फाउंड्री या कंपनीचे ए, बी, सी असे तीन बाटल्यांचे सेट नेमके याच दृष्टीने केलेले आहेत. त्यांच्या छटांत अंतर मोठे आहे आणि काळ्या अस्तरावर, कडेला किंचित काळे राखून रंगवण्याच्या पद्धतीला ते शोभतात. हातात घेऊन पाहायच्या सैनिकाला मात्र हे अंतर उघडेबोडके वाटते, आणि दोन छटा निम्म्या-निम्म्या मिसळून मधली एक पायरी घालावी लागते. टू थिन कोट्स या रंगमालिकेत सावली, मध्य आणि उजळ असे त्रिकूट ठरलेले आहे. नवशिक्याला बाटल्या निवडण्याचा घोर राहत नाही. रीपरच्या मास्टर सिरीजमध्ये ओळीने येणारे तीन क्रमांक मिळून एक त्रिकूट होते, उदाहरणार्थ ९००१ ते ९००३ हे लाल. आर्मी पेंटरच्या फॅनॅटिक मालिकेत एका रंगाच्या सहा छटांची शिडी मिळते, आणि तिच्यातून पहिली, तिसरी, पाचवी अशा पायऱ्या आपण आपल्या आकारानुसार उचलू शकतो. वेगवेगळ्या मापांचे सैनिक रंगवणाऱ्याला माझ्या मते ही शिडी सर्वात सोयीची आहे, कारण १/७२ मापाच्या प्लास्टिक शिपायाला दूरदूरच्या दोन पायऱ्या पुरतात, २८ मिलिमीटरला तीन लागतात, आणि ५४ किंवा ७५ मिलिमीटरच्या सैनिकाला पाच-सहा थरांशिवाय कापड गोलाईने वळल्यासारखे वाटत नाही. ५४ मिलिमीटरचा घोडेस्वार केवळ तीन बाटल्यांच्या सेटवर रंगवायला घेऊन सेटला नावे ठेवणारे मी अनेक पाहिले आहेत.

खरेदी करताना आणखी एक गोंधळ होतो. एखाद्या सैन्याच्या नावाने मिळणारा आठ-दहा बाटल्यांचा सेट म्हणजे थरांचा सेट असे नव्हे. त्यात कोटाचा एक लाल, विजारीचा एक करडा, बुटांचा काळा, बंदुकीच्या लाकडाचा तपकिरी, अशी गणवेशाच्या भागांची यादी असते. एकाच रंगाच्या पायऱ्या त्यात फारशा नसतात. असा सेट घेऊन प्रत्येक रंग पांढरा मिसळून उजळ करायला गेलो की पुन्हा त्याच पांढुरकेपणाशी गाठ पडते. शिवाय सेट घेण्याआधी त्यातली मधली बाटली सुटी मिळते का हे विचारून घ्यावे. मध्यछटाच सर्वात आधी संपते, आणि ती सुटी मिळत नसेल तर अर्धी पलटण एका लालमध्ये आणि अर्धी दुसऱ्यात राहते.

बिघडलेले सैनिक

पांढुरके झालेले सैनिक रंग उतरवण्यासाठी थिनरमध्ये टाकण्याची घाई करू नये. झाक क्षारांची असेल तर डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या मऊ ब्रशने दोन-तीनदा पुसून कापसाने टिपून घ्यावे. रंग आठवडाभर वाळलेला असेल तर त्याला धक्का लागत नाही. मॅट पुडीची किंवा वार्निशाची असेल तर चकाकणाऱ्या वार्निशाचा पातळ हात ब्रशने द्यावा, आतला रंग परत खुलतो, आणि मग कोरड्या हवेच्या दिवशी वरून मॅट द्यावे. बोटाला पूड लागणाऱ्या सैनिकाला आधी मीडियमचा एक पातळ हात देऊन बांधून घ्यावे. उजळ छटाच गुलाबी असेल तर मध्यछटा मीडियममध्ये अगदी पातळ करून, चहाच्या पाण्याइतकी पारदर्शक करून, पूर्ण कोटावर एकदा ओढावी आणि वाळल्यावर गरज वाटली तर पुन्हा एकदा. माझ्या त्या २४ शिपायांपैकी १९ जण पहिल्याच उपायाने सुधारले. उरलेल्या पाचांवर मी तिसऱ्या थरात आधीच पांढरा मिसळून बसलो होतो, त्यांना फ्लॅट रेडचे दोन पारदर्शक हात द्यावे लागले, आणि त्यानंतर फक्त खांद्याच्या वळणावर व कोपराच्या घडीवर व्हर्मिलियनची एक बारीक रेघ.